वलणी

दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरात
फ्रीजशेजारची भिंत मोकळी होती.
जिज्ञासाबेन म्हणाली, हीच चालेल.
भिंतीजवळ उभं राहायचं, दोन बोटं टेकवायची,
आणि कोळ्यासारखी वर न्यायची. धीमे धीमे, मासी.
थांबतील तिथं पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख.

पहिली रेघ माझ्या हनुवटीपाशी.
काखेत कुणीतरी सुतळी ओढून धरलेली.
मी, जिनं बावीस वर्षं पोरींकडून कवायत करून घेतली,
'हात वर' म्हटलं की तीनशे हात वर जायचे,
एखादा वाकडा दिसला की शिट्टी मारायची,
ती मी
हनुवटीपाशी.

कुंदा रणदिवे, सातवी ब,
तुझा हात दुखत होता का गं?
विचारलंच नाही मी.

किमोच्या आठवड्यात रेघा नाहीत.
तेव्हा नुसतं पलंग ते गॅलरी, गॅलरी ते पलंग,
फेरीला एक चिंचोका वाटीत.
एकदा तीन झाले. एकदा एकही नाही.
त्या दिवशी ह्यांनी गुपचूप एक टाकला,
मी तो काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.
खेळात चोरी नाही.

आता सकाळी कमाटीबागेत जाते.
विश्वामित्रीच्या पुलावर मगर दिसते का बघत थांबते,
खरं तर दम लागतो म्हणून.
डोक्याचा रुमाल बघून बाया जपून हसतात.
एकीनं विचारलं, केटला बाकी?
म्हटलं, दोन राउंड.
ती इंजेक्शनांचं विचारत होती.

आशा म्हणजे काय, मला नीट सांगता येत नाही.
डॉक्टर टक्के सांगतात, बहीण नवस सांगते.
मला दीड बोट कळतं.
नऊ तारखेपासून सोळा तारखेपर्यंत, दीड बोट.
मधे एकदा हात खाली घसरला,
तीही रेघ ओढलीय.
खोडरबर घरात ठेवलेलं नाही.

काल वलणीखाली उभी राहिले.
चार महिने हेच काठीनं कपडे टाकतात,
बाह्या गोळा झालेल्या, वाळल्यावर कुबट वास.
ह्यांचा बनियन घेतला, पिळलेला पण जड,
टाचा उचलल्या.
इथं धरायला भिंत नव्हती.
सुतळी ताणली, ताणली,
बनियन अर्धा वलणीवर
आणि अर्धा माझ्या तोंडावर.
पाणी मानेवरून आत गेलं,
जिथं आता सपाट आहे
तिथून सरळ खाली, न अडता.

हे काठी घेऊन धावत आले.
म्हटलं, ती ठेवा. पायजमा द्या.
म्हणाले, ओला आहे, जड आहे.
द्या.