पडदे

वॉकलीच्या चढावर तो दोनदा तरी थांबला असणार,
कारण दारातून आधी धाप आत आली, मग बेस, मग तो.
कथबर्ट पेम्बरटन. वय एकोणऐंशी.
दोन्ही कानांत यंत्रं, शिंपल्याच्या रंगाची.

"याला फ्रेट बसव," म्हणाला,
आणि बाहेर बघत राहिला,
रस्त्यावरचं कुणी ओळखीचं ऐकेल की काय, असा.

तो फ्रेट म्हणतो. मी मनात पडदेच म्हणते.
मिरजेला आमच्या गल्लीत ते सतारीला तातीनं बांधत,
चुकला तर अंगठ्यानं सरकवायचा,
सकाळचा राग वेगळा, रात्रीचा वेगळा.
इथं शेफील्डात एकदा ठोकला की ठोकला.

काळीभोर आबनुसाची पट्टी, एक रेघ नाही तिच्यावर.
एक्केचाळीस वर्षं हा माणूस या अंधारात
कानाची काठी टेकत चालला:
शनिवारी क्लब, रविवारी चॅपेल,
सोमवारी पहाटे डेपोतली पहिली बस.
"मग एकदा ऑर्गनवर बसलेल्या हेझलनं
नुसतं मागं वळून पाहिलं," म्हणाला.
"बोलली काही नाही."

चौतीस इंच.
भागिले सतरा दशांश आठ एक सात,
जे येईल तिथं पहिला पडदा;
उरेल त्याला पुन्हा भाग, पुन्हा उरेल त्याला.
हा हिशेब संपत नाही, नुसता बारीक होत जातो.

दिवा आडवा धरला, तेव्हा दिसल्या.
बोटांनी पाडलेल्या खळ्या, गुळगुळीत,
आणि माझ्या पेन्सिलीची प्रत्येक रेघ
खळीच्या बरोबर मध्यावर उतरत गेली.
पट्टी कुणी मोजून दिली होती याला?
मी उठून चहा टाकला.

परत आले तर त्यांच्या शेजारी दुसरी रांग,
उथळ, ताजी, तांदळाभर अलीकडं.
पाचव्याला एक. सातव्याला एक.
दहाव्याला दोन, एकीपुढं एक,
जिना उतरताना चाचपलेल्या पायासारख्या.
लाकूड तारखा लिहून ठेवत नाही,
तरी चॅपेल कधी सुटलं ते मला कळलं.

पडदे बसवायचे तर पट्टी आधी सपाट करावी लागते.
दुसरा मार्ग नाही. मी शोधला.
ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून
वरून खाली, वरून खाली,
काजळासारखी धूळ,
जुन्या गेल्या, नव्या गेल्या, चहा गार झाला.

मग करवत. वीस चिरा.
मग हातोडी. प्रत्येक तार कडेनं मध्याकडं,
टक् चा आवाज ठप् झाला की बसली.
वीस पाचरी ठोकल्यावर दांडी जराशी मागं रेलते,
तिला समजावावं लागतं.
घोडीजवळ तारा उचलल्या,
माथ्याशी हाडाची पट्टी नवी, पहिलीपेक्षा उंच.
टोकं कानशीनं मारली, तळहात फिरवून पाहिला,
ओरखडला. पुन्हा मारली.

गुरुवारी आला.
हनुवटी बेसच्या शिंगावर टेकली,
हाडातून ऐकायचं असतं आता त्याला.
सवयीनं बोट घसरवलं लांबवर,
आणि मींड यायची तिथं पायऱ्या वाजल्या.
"जिना केलास की गं," म्हणाला, हसला,
पुन्हा तसंच करून पाहिलं, आणि नाही हसला.

मग सावकाश, एकेक.
कुठंही टेकलं तरी सूर जागेवर.
बराच वेळ तो एकच सूर वाजवत बसला,
खिशातली किल्ली आहे ना, असं चाचपून बघावं तसा.

"माझ्या खुणा होत्या इथं."
"होत्या."
"बरोबर होत्या?"
"जुन्या अगदी बरोबर होत्या," मी म्हटलं.
त्यानं "जुन्या" हा शब्द ऐकला की नाही, माहीत नाही.
पैसे मोजून ठेवले. टोपी घातली.

उतारावर तो कुठं थांबला नाही.
माझ्या रुमालात मात्र
पुढं तीन दिवस काळी शिंक.