ऑगस्टातले कोट

रुवीतल्या त्या दुकानात थंडीचे कोट
वर्षभर माळ्यावरच पडलेले असतात.
पोऱ्यानं शिडी लावून काढले, धूळ झटकली, विचारलं,
कुठे चाललात?
एडमंटन, मी म्हटलं.
त्यानं हळूच मान हलवली,
आमच्या घरात कुणी फार आजारी असल्यासारखी.

बाहेर चव्वेचाळीस.
शाल्मली कोट अंगातून काढेना.
तशीच निघाली फुटपाथवरून, कानटोपी घालून,
घामानं निथळत, महाराणी.
इस्त्रीवाले नियाझभाई पोट धरून हसले,
मग इस्त्री उभी करून बाहेर आले
आणि तिच्या गळ्याजवळचं सुटलेलं बटण लावून दिलं.
सर्दी होईल बेटा, म्हणाले.

घरी यादी वाट बघत होती.
शाळेचा दाखला, त्यावर शिक्का,
शिक्का खरा आहे असं सांगणारा आणखी एक शिक्का.
ओजसच्या लसींचं कार्ड:
एक डोस कुठेच नोंदलेला नाही.
तो रडलेला मला आठवतोय, नर्सच्या हातातली बांगडीही.
पण आठवणीवर सही कोण करणार?

फ्रिज बघायला आलेला माणूस
दार उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो,
आत उरलेल्या अर्ध्या लिंबाकडे बघत
पंधरा रियाल म्हणतो.
घेऊन जा.
घासाघीस करायची ताकद मी सोफ्यासाठी राखून ठेवली आहे.

रात्री श्रीरंग लटकत्या काट्यावर बॅग उचलतो,
श्वास रोखून,
श्वासाचंही वजन लागेल म्हणून की काय.
पंचवीस-चारशे.
दोन किलो चारशे ग्रॅम काढायचे. काय काढू?
पुरणयंत्र काढ, शाल्मली म्हणते,
तू पुरण करतेसच कुठे.
खरं आहे. नऊ वर्षांत दोनदा.
मी माझे जोडे काढते, एक चादर काढते,
आणि तिचा सूरच्या किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्यांचा डबा.
तीनच घ्यायचे, मी बजावते. तीन.
ती भांडत नाही.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कढीपत्त्याची कुंडी तिसऱ्या मजल्यावर, लिसीकडे.
पाणी किती घालू, तिनं विचारलं.
मी काय सांगणार? मी कधी घातलंच नाही.
एसीच्या नळीतून टपकायचं,
त्यावरच हे झाड माझ्या कमरेएवढं झालं.

आणि ओजस. चार वर्षांचा.
तिकडे एसी कुठे असतो?
तिकडे एसी नसतो रे. हीटर असतो, भिंतीत, गुपचूप.
मग रात्री आवाज कोण करणार?

मी नवी आले तेव्हा
या घरघरीनं महिनाभर झोपले नव्हते.
उशी डोक्यावर घेऊन आमच्या गावची रात्र आठवायचे,
कोंबड्यांच्या खुराड्यामागची ती अंधारी शांतता.
हा मात्र वादळात वीज गेली
तेव्हा गप्प झालेल्या खोलीला घाबरून उठला होता.
त्याची अंगाई खिडकीत बसवलेली आहे
आणि ती घरमालकाची आहे.

म्हणून आता पहाटेचे चार,
मोबाइल स्टुलावर, एसीच्या तोंडाशी.
रेकॉर्ड.
कुणी हलू नका, असं कुणाला सांगू?
सगळे झोपलेत, जमिनीवर, गाद्या टाकून.
मधेच श्रीरंग घोरतो.
मधेच अजान सुरू होते, आधी लांबची, मग कोपऱ्यावरची.
पुसून पुन्हा करावं का?
राहू दे.

तेवढ्या वेळात पुरणयंत्राला कागद गुंडाळावा म्हणून उचललं
तर आत काहीतरी खुळखुळलं.
ओजसचा मोजा. मोज्यात शिंपले,
सगळेच्या सगळे.
मी यंत्र होतं तसं बॅगेत ठेवलं, वर टॉवेल दाबला.

सातला खोके न्यायला माणसं येतील.
कोट कुठल्या खोक्यात गेले
काही केल्या आठवत नाही.