तारण

मी मोडी वाचतो. पानाला दोनशे रुपये.
कदीम जालन्यात, झेरॉक्सच्या दुकानामागे
एक टेबल, एक भिंग, सुनेनं दिलेला जुना मोबाईल.
दोन वर्षं झाली, लोक एकच शब्द शोधायला येतात:
कुणबी.
सापडला की पेढे आणतात.
नाही सापडला तर माझ्या चष्म्याचा नंबर विचारतात.

हे काम मात्र विलायतेहून आलं.
म्युझियमच्या बाईंनी फोटो पाठवले,
चार पानं, फसली सन बाराशे त्रेचाळीस.
इथं छावणीत पेढी होती टॉलिव्हर नावाच्या साहेबाची.
कारकुनाच्या जिभेला ते पेललं नसणार,
त्यानं सरळ लिहिलंय: तालेवार साहेब.
आणि खोटं काय त्यात?
फौजेच्या पगाराला पैसा पुरवायचा,
जहागीरदारांना शेकडा दोन, दरमहा,
फिटलं नाही की घोडा नको म्हणायचा, हत्ती नको,
भिंतीवरचं उतरवा.

बाईंनी लिहिलं होतं, इकडे त्याला
दखनी चित्रांचा तारणहार म्हणतात.
भाषांतर मशीननं केलेलं.
मशीनला काय ठाऊक तारण म्हणजे काय.

मी उतरवत गेलो:
‘तसबिरा नग बारा, रागमाळेच्या, पैकी टोडीची एक,
हरणे दोन, बाईचे हाती वीणा. एकूण किंमत रुपये साडेतीनशे.’
खाली, त्याच शाईत, बोरू न उचलता:
‘कुणबीण एक. उमर अजमासे नऊ.
किंमत रुपये सत्तावीस, पैकी वजा दोन,
डावे डोळ्यात फूल.’

भिंग खाली ठेवलं.
कुणबीपुढे एक ण.
एवढ्यानं दाखला मिळत नाही.
एवढ्यानं माणूस नग होतो.

तिसऱ्या पानावर तिचं काम आहे.
कार्तिकात कोवळ्या उन्हात तसबिरा धरणे,
कसर झटकणे, ऊन तापायच्या आत घरात घेणे.
म्हणजे ती चित्रं साहेबापेक्षा तिनंच जास्त पाहिली,
एका डोळ्यानं.
दुसऱ्यात तिचं स्वतःचं फूल होतं.
त्या हरणांच्या इतकं जवळ
टोडीनंतर कुणी गेलं असेल तर तीच.

त्याच साली तिकडे गुलाम सोडायचा कायदा झाला म्हणे.
कुठल्या बेटावर साहेबाचा उसाचा मळा होता,
तिथल्या माणसांची भरपाई त्याला मिळाली.
माणसांची भरपाई. साहेबाला.
हे बाईंनीच सांगितलं, खालच्या आवाजात लिहावं तसं.
इथवर तो कायदा पोचला नाही.
सत्तावीस रुपये बुडाले असते ना.

मी तिच्याबद्दल कळवलं. उत्तर सभ्य आलं:
आम्हाला चित्रांपुरतंच हवंय,
मालकी कुणाकडून कुणाकडे गेली, तेवढं.
मी म्हटलं, बाई, तेच तर लिहिलंय.

चार दिवसांनी त्यांनीच विचारलं:
टोडीच्या खालच्या कोपऱ्यात एक डाग आहे,
अंगठ्याएवढा, लहान, निघत नाही.
कागदात काही उल्लेख?
नाही, असं कळवलं.
खोटं कसं लिहू. कागदात डाग नाही.
कागदात फक्त ती आहे.

आठशे रुपये लावले. आले.

तिचं नाव शेवटच्या ओळीत आहे. गोदी.
पण गो-च्या डोक्यावर एक बारीक टिंब दिसतं.
अनुस्वार असला तर गोंदी,
अंबडकडचं, गंगेकाठचं गाव.
मग ते नाव नव्हे, कुठून आणली तेवढंच.
कसरीनं पाडलेलं भोक असलं तर गोदी,
मग हाक तरी मारता येते.

फोटोवरून कळत नाही.
कागद कोवळ्या उन्हात धरून पाहायला हवा.
कागद तिकडे आहे.