पापणी

एप्रिल होता. इगतपुरीत धुकं नव्हतं,
म्हणून त्यांनी ते मुंबईहून टेम्पोत घालून आणलं.
दोन मशीनं, निळे कॅन, आणि एक पोरगा,
नळी धरून रेल्वे क्वार्टरांच्या रांगेतून
घरात धूप फिरवावा तसा फिरायचा.

गोष्ट साधी. पुण्याचं एक कुटुंब
बदली होऊन एका गावात येतं,
आणि गाव वाईट असतं.
ते गाव आम्ही.

सतरा जण. माणशी पाचशे आणि दुपारचं जेवण.
मंदाकिनी भोर, रॉकेलचं दुकान बुडालेले गतीरअण्णा,
सलीम टेलर, पोस्टातली यमुना बेंडकुळे,
लोको शेडमधून रिटायर झालेले दोघे डिसूझा.
मला तर डायरेक्टरनं मेकअपच लावू दिला नाही.
गिरणीतून उठलो तसाच उभा केला,
भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, कानाच्या पाळीत ज्वारी.
म्हणाला, काका, काही करायचं नाही. फक्त बघायचं.
पापणी लववायची नाही.

बघणं हे काय काम झालं?
घाट चढून गाडी येते, मागचं इंजिन सुटतं,
खिडकीतले आम्हाला बघतात, आम्ही त्यांना,
जन्म गेला त्यात.
पण तिसऱ्या टेकला डोळ्यांत पाणी आलं,
सातव्याला ते आटलं,
मग लववावीशी वाटेचना.

एक वाक्यही मिळालं. मोटार थांबते,
बाप काच खाली करतो, मी वाकून म्हणतो,
"उशीर केलात यायला."
तो म्हणतो, "वाटेत धुकं लागलं."
बस्स. घरी कांतानं दहा वेळा म्हणवून घेतलं,
हसता हसता पोळी करपली.

दिवाळीनंतर सिनेमा लागला, नाशिकला.
एसटीनं सगळे गेलो. चिवडा घेतला.
अंधार झाला आणि आम्ही दिसलो.
शिट्ट्या आम्हीच मारल्या.
मग शेवटचा शॉट. अख्खं गाव रस्त्यावर उभं.
यमुना, जिचा मोजण्यात हात बसलेला,
हळूच म्हणाली,
अठरा.

डिसूझांच्या मागं, क्वार्टरच्या पायरीवर
एक बाई. पाठमोरी. पदर आमच्याकडचाच.
आम्ही सगळे मोटारीकडं बघतोय,
ती घराकडं.
"असेल युनिटमधली कुणी," गतीरअण्णा म्हणाले.
परतीच्या गाडीत चिवडा कुणी फोडला नाही.

तसं गावात काही बदललं नाही.
सलीम माप घेताना आकडा विसरून बघत राहतो.
मंदाकिनी दूध उतू जाताना बघते.
कांता म्हणते, निदान झोपेत तरी मिटत जा.

परवा सबस्टेशनच्या नव्या साहेबांचं सामान आलं.
ट्रक धुळ्याचा. आडनाव बागुल. बायको, सासू,
आणि एक मुलगी, हाताला प्लास्टर,
त्यावर पेनानं काढलेली मांजर.
ट्रक थांबला तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो.
बोलावलं कुणीच नव्हतं.
मोजलं मी.
जाऊ दे, आकडा सांगत नाही.

आज भर बारा वाजता ती मुलगी दळण घेऊन आली.
ऊन असं की पत्रा तडतडत होता.
मला विचारायचं होतं, बाळा, जाड हवं की बारीक?
ओठांवर होतं, देवाशपथ.
तोंडातून निघालं ते पाठ केलेलं,
तेही वाकून.

सिनेमा मोठ्यांचा होता. तिनं पाहिलेला नसणार.
ती घाबरली नाही.
डबा काट्यावर ठेवला,
प्लास्टरच्या कडेत बोट घालून खाजवलं,
म्हणाली,
"वाटेत धुकं लागलं."

पाच किलो दोनशे.
वहीत लिहिलं. पट्टा चढवला.
दाणे पडू लागले, पीठ उडू लागलं,
तिच्या पापण्यांवर बसू लागलं,
आणि तिनं ते पुसलं नाही.