वाढीव पट्टी

गेटवर वॉचमन नवा.
नाव विचारलं, कुणाकडं जायचं विचारलं,
आणि वहीत माझ्यापुढं लिहिलं: 'व्हिजिटर'.
त्या गेटचा कोयंडा मीच बसवलेला,
अजून जरा उचलूनच लावावा लागतो.

शिरोलीत सकाळी आठला जळक्या वाळूचा वास असतो,
वारा बावड्याकडनं आला तर मळीचाही.
चार वर्षांत विसरलो असं वाटलं होतं.
नाक विसरलं नव्हतं.

पॅटर्न शॉपमध्ये माझ्या टेबलाशी सुकुमार.
माझ्या हाताखाली होता तेव्हा
रंधा धरताना अंगठा नको तिथं ठेवायचा.
आता खिशाला दोन पेनं.
'आलासा मिस्त्री? बसा की.'
स्टूल एकच होतं.
कुणी बसायचं, यात चहा निवला.
'बारीक झालासा,' तो म्हणाला.
'चाकणचं पाणी,' मी म्हणालो.

चाकणला लाकूड नव्हतं.
खोकी होती. खोक्यावर लाल उजेड धरायचा,
टीं वाजलं की पुढचं खोकं.
पगार इथल्यापेक्षा सहा हजारानं जास्त,
खोलीभाडं पाच.
उरलेल्या हजाराचं काय झालं
हे बायकोनं अजून विचारलेलं नाही.

बीड ओतलं की निवताना आकसतं,
शंभराला एक.
म्हणून आमची पट्टी मुळातच लांब.
तिच्यावरचा फूट फुटापेक्षा जरा जास्तच फूट.
बोलते खोटं,
लोखंड गार झाल्यावर खरं निघतं.

अकरा पंपबॉडी रिजेक्ट होऊन आल्या
तेव्हा मगदूम अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले,
'साध्या पट्टीनं मापलास.'
मी म्हणालो, पंधरा वर्षं मापतोय.
जेवणाच्या सुट्टीआधीच निघालो, डबा न उघडता.
निघताना खिळ्यावरची वाढीव पट्टी पिशवीत सरकवली.
अण्णांची पट्टी. माझा राग.
त्या दिवशी हातात कुठली होती
ते आठवत नाही, असं मी चाकणभर सांगितलं.

पोरीच्या पुस्तकांसाठी तिथं फळी केली,
तीन फुटी, त्याच पट्टीनं मापून.
कोनाड्यात शिरेना, नखभर जास्त.
'पप्पा, तुमची पट्टीच चुकीची आहे.'
मी फळी तासली.
पट्टी ठेवली.

अण्णांच्या कानात आता मशीन.
मागचाच आकडा सांगितला,
वर पाचशे, 'म्हागाईचं'.
मी पेपरात गुंडाळलेली पट्टी टेबलावर ठेवली.
स्वारगेटपासून कराडपर्यंत घोकलेलं वाक्य होतं एक,
त्यातला शब्दही आला नाही.
अण्णांनी पेपर उलगडला नाही.
कपाटातनं जुनी फाइल काढली,
माझ्या शेवटच्या हिशेबावर बोट ठेवलं.
खाली माझी सही. वर एक ओळ:
इतर कपात, सातशे चाळीस.
'तुझीच हाय ती. तवाच वळती केली.'

चार वर्षं चोर म्हणून जगलो
आणि होतो गिऱ्हाईक.

हलकं वाटायला हवं होतं.
उलट संताप आला,
एवढी जपलेली चोरी
त्यांनी पहिल्याच दिवशी हिशेबात घेतली होती.

'अण्णा, त्या अकरा बॉडी…'
त्यांनी कानातलं मशीन चाचपलं.
'काय म्हणालास?'
'काय नाही.'
'सोमवारी सुट्टी. मंगळवारी कार्ड घे.'

परत आलो तर सुकुमारनं
कोअर शॉपमधनं दुसरं स्टूल आणलेलं.
एक पाय आखूड.
बसलो, डुगडुगलो, उठलो.
भंगारातनं सागाचा तुकडा घेतला,
पाचर किती जाड लागेल ते बघायला
पिशवीत हात घातला,

मग सुकुमारला म्हणालो,
'साधी पट्टी दे.'