साय

एन्स्खेडेच्या कालव्याकाठी, तिसऱ्या मजल्यावर,
हार्मके वीगरिंक सूपच्या ताटलीत कोमट पाणी ओतते
आणि कोपर बुडवून पाहते,
तान्ह्याच्या आंघोळीचं पाहावं तसं.

सत्तावीस वर्षं ती फिल्मच्या कारखान्यात होती,
ठार काळोखात.
माणसं ओळखायची खोकल्यावरून, बुटांवरून,
डिनीला तर नुसत्या संत्र्याच्या वासावरून.
तिथे नियम एकच:
उजेडासाठी करायच्या वस्तूला उजेड दाखवायचा नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा कुणी घड्याळं नेली, कुणी खुर्च्या.
हिने नेले मुदत संपलेल्या फिल्मचे चार खोके.
आता त्यातलं रसायन म्हाताऱ्यासारखं वागतं.
निळं सांगावं, तर पिवळं ऐकतं.
कोपरे विसरतं,
मग एखादंच बटण लख्ख आठवतं.
बिघडलंय कुठे, ती म्हणते,
मत देतंय आपलं.

कॅमेरा जीभ दाखवतो, ती जीभ ती अलगद घेते.
लोक हवेत हलवत बसतात, उगाच.
ती जानेवारीत फोटो काखेत धरते,
नाहीतर गारठ्याने सगळं जग निळं पडतं.
कधीकधी पडू देते.

शेजारच्या योस्टचा फोटो उमटत होता, अजून मऊ होता,
तेव्हा चमच्याच्या दांड्याने तिने
त्याच्या केसांभोवती रेघा ओढल्या.
"वारा कुठून आला? त्या वेळी नव्हता."
"आत्ता आला."

तोच योस्ट आता ताटलीत.
कडा कापलेल्या, पाठ सोललेली.
मऊ कुंचल्याने ती एक कोपरा सोडवते
आणि फुंकर घातल्यावर साय सरकावी
तसा पोरगा सरकतो, सायकलीसकट, पुलासकट,
सुरकुततो, दुमडतो, पुन्हा पसरतो.
दंडापाशी फाटतो.
ती थांबते. दुसरी प्रत नाही याची,
कधीच नव्हती.

खालून ती कागद सरकवते:
शेवटच्या पगाराची चिठ्ठी.
वाळल्यावर योस्टच्या गालातून
कपातीचा आकडा दिसतो.
त्याला तो आवडतो. तिलाही, पहिल्यांदाच.

खोक्यात एकच फोटो उरला आहे.
ती कोटांच्या कपाटात शिरते, दार ओढून घेते,
फटीला मफलर लावते,
फ्लॅश बंद,
आणि जिथे काहीच दिसत नाही तिकडे कॅमेरा धरून
बटण दाबते.

तासाभराने टेबलावर एक काळा चौकोन.
पुरता काळाही नाही. उजव्या खालच्या अंगाला
जुनं रसायन फुटून
नारिंगी ओघळ आलाय, सालीएवढा.

पांढऱ्या पट्टीवर ती पेन्सिलीने लिहिते:
डिनी, रात्रपाळी.