शेरा

आमच्या गल्लीत नाल्याकडे बघून कळायचं
आज कुठल्या ऑर्डरचे टॉवेल.
मंगळवारी मोरपंखी, मध्येच तांबडा,
एकदा तर आठवडाभर नुसता जांभळा.
बाप रंगारी. लग्नाच्या फोटोतही
त्याची नखं निळी आलीत.
मी विचारलं होतं, नायना, हे पाणी जातं कुठं?
त्यानं नाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
किंदिकि, म्हणाला. खाली.

खाली, एवढाच पत्ता घेऊन मी मोठी झाले.

आता नेमणूक वर.
सोलापूर मागे टाकून एकवीस किलोमीटर,
गट नंबर दोनशे अकरा.
इथं ओढ्याला अजून नाव नाही,
दगडाच्या काखेत नुसती एक ओल.
नकाशात या जागेला फिकट पिवळा रंग
आणि सूचीत शब्द : पडीक.

वनरक्षक रेवणसिद्ध हत्तुरे हसला.
"बसा की मॅडम. उभ्यानं दिसत नाय हे."
बसले.
पवन्या, मारवेल, कुसळी,
वर बोटभर, खाली हातभर.
कुसळं सलवारीत शिरली,
रात्री खोलीवर एकेक उपटत बसले
आणि मोजत गेले, काही कारण नसताना.

फायलीत मात्र पाच हजार खड्डे.
दोन बाय दोन बाय दोन. सुबाभूळ, गिरिपुष्प.
लवकर वाढतात, फोटोत हिरवी येतात.
साहेबांचा फोन : मार्चएण्ड आहे, गद्दमबाई.
गवत आपोआप उगवतं,
त्याचा खर्च कुठल्या रकान्यात दाखवू?

मला उत्तर सुचलं नाही.

बिरू देवकत्यानं मेंढ्या थांबवल्या,
बाटलीचं बूच काढलं,
अर्धं पाणी उघड्या मुरुमावर ओतलं.
ते धावत माझ्या बुटापर्यंत आलं.
उरलेलं अर्धं गवतावर.
आम्ही तिघं वाट बघत राहिलो.
काही आलं नाही.
"झालं," म्हणाला, "आमचं टेक्निकल."
मग त्याला तहान लागली. माझी बाटली त्यानं संपवली.

नंतर काम सुरू. ए-फ्रेमचे दोन बांबू,
मधून लोंबणारा ओळंबा,
लंगडी घालावी तशी एकेक टांग पुढे टाकत
समान उंचीची रेघ शोधायची,
तिच्यावर फक्की.
चर फक्त तिथंच, जिथं माती आधीच फाटलीय.
बाकी माळाला कुदळ लावायची नाही.
चराईवरून तीन बैठका झाल्या, एक भांडणात मोडली.
शेवटी यंदा मेंढ्यांना उगवतीची बाजू,
पुढल्या साली मावळतीची.
बिरूची सून म्हणाली, कागदावर घ्या, नाहीतर तुमची बदली होणार
आणि नवा साहेब येऊन आम्हालाच हाकलणार.
घेतलं. तिनं इंग्रजी तारीख वाचून दाखवायला लावली, मग अंगठा नाही, सही केली.

एकेचाळीस नंबरच्या फक्कीवर टिटवी बसलेली.
चार अंडी, खड्यांत खडे.
हत्तुरे म्हणाला, काय बे ही,
सगळा माळ सोडून आमच्याच रेघेवर.

भादव्यात एका रात्री ढग फुटला.
सकाळी चरांत गढूळ पाणी, काठोकाठ,
एक चर बांधासकट वाहून गेलेला, माझ्याच मापातली चूक.
पण घळीत पाणी पळत नव्हतं, चालत होतं.
नायनाचा फोन. खोकला, मग,
"आज नाला पिस्ता रंगाचा आहे. तिकडचं पाणी कुठं गेलं?"
"अजून गेलं नाही," मी म्हणाले.
तो बराच वेळ काही बोलला नाही.

अहवाल भरला.
वृक्षलागवड : निरंक.
शेरा : चर क्र. ४१ टिटवीमुळे चार फूट सरकवला. उतार तोच.
मग पाणलोटाची हद्द पेन्सिलनं ओढत आणली,
माथ्यावरून, घळीतून, ओढ्याला नाव मिळतं तिथवर,
तलाव, सांडवा, रेल्वेचा पूल,
आणि पुढं आमची गल्ली यायला हवी होती.
नकाशा तिथं संपत होता.
मी खाली दुसरा कागद चिकटवला.